उजवा हब माझा, डावा हात्सुएचा

मी, कुवाबारा तामेजी, वय वर्षे त्र्याऐंशी, धंदा गाड्यांची दुरुस्ती, राहणार ओरिसावा, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. सकाळी डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी थेट दोनपर्यंत पोहोचलो. मधे ते दोनदा "पुरे" म्हणाले, पण सुरू केलेले काम मी अर्धवट सोडत नाही.

हा सगळा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण घरी बसून केलेले मृत्युपत्र टाइप केलेले असेल तर कायदा ते मानत नाही. हाताने केल्याशिवाय मान्य होत नाही अशी एक तरी गोष्ट या देशात शिल्लक आहे, याचे मला समाधान वाटते. अशा मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन नेमले आहेत, म्हणजे त्या दोघांना हे शेवटपर्यंत वाचणे भाग पडेल.

कलम १. राहते घर आणि त्यामागची जागा माझी एकुलती एक मुलगी मिझुहो हिला द्यावी. ती खाली शहरात दातांच्या दवाखान्यात काम करते. दर हिवाळ्यात छतावरचा बर्फ उपसायची हौस नसेल तर तिने घर खुशाल पाडावे. मी काही बघायला येणार नाही.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मिझुहोचे. फार नाही. तिने आधीपासून बेत करू नयेत.

कलम ३. गॅरेजमधली हत्यारे गावच्या स्नानगृहाच्या मालकीण इसोबे तोकिए यांना द्यावीत. या बाई आपला बॉयलर स्वतः दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तेरा नंबरचा पाना त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी "आत्ता आणून देते" म्हणून नेला होता. तोही आता त्यांचाच समजावा.

कलम ४. गॅरेजच्या कोपऱ्यातली लाकडी पेटी तांदळाचे व्यापारी सुनागा मोरियो यांना द्यावी. हे गृहस्थ माझे शेजारी असून एक नंबरचे ▬▬▬ आहेत. (येथे एक शब्द खोडला आहे. खोडल्याबद्दल नियमाप्रमाणे बाजूला शिक्का मारला आहे.)

पेटीत काय आहे हे कळण्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. आमच्या लहान फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत पुढची चाके एरवी मोकळी फिरतात. बर्फात त्यांनाही जोर मिळावा म्हणून प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेला हब लावावा लागतो. माझ्या गाडीत खाली उतरायचे आणि दोन्ही चाकांवरची चकती हाताने फिरवायची. सुनागाच्या गाडीत आत बसून बटण दाबायचे. मग इंजिन एका बारीक रबरी नळीतून हवा ओढते आणि हब आपोआप लागतो. म्हणजे नळी धड असेल तर लागतो. थंडीने तडकली असेल तर माणूस बटण दाबून आत ऐटीत बसतो आणि गाडीही तिथेच बसते.

या एका मुद्द्यावर सुनागाचे आणि माझे चोवीस वर्षे भांडण चालले. बहुतेक सगळे स्नानगृहात, गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून. तो म्हणे, "तामे, तू उतरून बूट भिजवतोस, तोवर मी वर पोहोचून चहा पितो." मी म्हणे, "पी की. नळी फाटली की तुला आणायला मीच येणार आहे." आणि खरोखर तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा परत येताना हळू चालवली, लोकांनी नीट बघावे म्हणून.

खोऱ्यातल्या सतरा गाड्यांचे हवेचे हब काढून मी हाताचे बसवून दिले. एकट्या सुनागाने बसवू दिले नाहीत. ते काढलेले सगळे हब मी साफ करून, तेल लावून त्या पेटीत ठेवले आहेत. सोबत नव्या रबरी नळ्याही आहेत, त्याच्या गाडीच्या मापाने कापलेल्या. दर वर्षी पहिल्या बर्फाआधी एक बदलावी. दहा आहेत. दहाच्या पुढे त्याचे तो बघेल.

कलम ५. माझी गाडी मिझुहोला द्यावी. या गाडीबद्दल एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, ती येथे नोंदवतो.

आमच्या घराण्याची कबर, जिथे सगळ्यांच्या अस्थी ठेवतात, वरच्या वाडीत आहे. वाडीत आता कोणी राहत नाही, रस्ताही कोणी साफ करत नाही. तीन देवदारांपाशी डांबर संपते. तिथे गाडी थांबवून हब लावायचे, ही आमची रीत. काही आळशी लोक पहिल्या बर्फाला हब लावतात ते चेरी फुलल्यावरच काढतात. ते छत्री उघडी ठेवूनच झोपत असावेत. आम्ही दर खेपेला लावत होतो आणि दर खेपेला काढत होतो. मी उजवीकडून उतरून उजवा लावायचा, माझी बायको हात्सुए डावीकडून उतरून डावा. तिचा लागला की ती बॉनेटवर तळहाताने दोन थापा मारायची. मग आम्ही चढ चढायचो. चव्वेचाळीस वर्षे.

एकदा पावसात ती सुनागाच्या गाडीतून आली आणि मला म्हणाली, "अहो, बसल्या जागी लागतं हो त्यांचं." मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. पुढे तिचे गुडघे गेले. तेव्हा तिने विचारले, "आपल्या गाडीत बटण नाही का बसवता येणार?" मी गॅरेजवाला माणूस. महिनाभर खटपट केली असती तर काहीतरी बसवता आले असते. मी म्हणालो, "बटण कधी दगा देईल सांगता येत नाही." ती दार धरून खाली उतरली आणि डावा हब लावला. याची मला लाज वाटते. इतर कशाचीही वाटत नाही, पण याची वाटते.

म्हणून मिझुहोला लिहून देतो की तिला या गाडीत बटण बसवायचे असेल तर बसवावे. माझी हरकत नाही. वरच्या ओळीतले अक्षर वाकडे आले आहे. शुद्धीबद्दल शंका घेऊ नये.

कलम ६. हात्सुए शरद ऋतूत गेली. पुढच्या मार्चमध्ये, हिगानला, म्हणजे पितरांच्या दिवसांत, मी तिच्या कबरीवर निघालो. तिला आवडतात म्हणून लाल चवळीच्या सारणाचे भाताचे लाडू घेतले होते. तीन देवदारांपाशी उतरलो, हब लावला, निघालो. शेवटच्या चढावर गाडी रुतली. मागची चाके नुसती बर्फ उडवत होती. मी गाडीला, बर्फाला आणि रस्ता खात्याला जे सुचेल ते बोललो.

तेवढ्यात मागून सुनागा आला, बटण दाबून, आईवडिलांच्या कबरीवर निघालेला. मला वाटले, झाले, आता मरेपर्यंत हा माणूस मला स्नानगृहात तोंड वर काढू देणार नाही. तो उतरला. गाडीभोवती फिरला. डाव्या चाकापाशी जरा वेळ बसला, बुटाची नाडी बांधल्यासारखा. मग माझ्या काचेपाशी येऊन म्हणाला, "बर्फ फार आहे रे, तामे. थोडी मागे घे आणि परत एकदा बघ."

मी परत एकदा बघितले. गाडी सरळ वर गेली.

वर पोहोचल्यावर मी डावीकडे जाऊन पाहिले. डाव्या हबवर चिखल होता आणि चिखलात बोटांचे ताजे ठसे. हब लागलेला होता. मी तो लावला नव्हता. मी डावीकडे गेलोच नव्हतो. उजवा लावला, आत बसलो, थोडा वेळ वाट पाहिली आणि निघालो. कशाची वाट पाहत होतो ते मला वर कबरीपाशी कळले. लाडू तसेच ठेवले आणि बराच वेळ रडलो.

त्या आठवड्यात स्नानगृहात लोकांनी सुनागाला विचारलेच, तामेजी रुतला होता म्हणे? त्याने सांगितले, "बर्फ फार होता." बस. त्याला सहा वर्षे झाली, त्याने एकदाही ते हत्यार काढले नाही. मी मात्र पुढच्याच आठवड्यात त्याच्या नळीवरून बोललो होतो. तर मी, कुवाबारा तामेजी, पूर्ण शुद्धीत जाहीर करतो की त्या दिवशी हब माझा मोकळा होता, आणि सुनागाची नळी धड होती.

कलम ७. माझ्या अस्थी. मिझुहोचा विचार वरची कबर बंद करून आम्हा दोघांना शहरातल्या अस्थी ठेवायच्या इमारतीत ठेवायचा आहे. तिथे कार्ड लावून बटण दाबले की पट्ट्यावरून पूर्वज समोर येतात. मी चिडलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी येईन हो वर. पण मी एकटी किती वर्षं येणार? आणि माझ्यानंतर कोण?" हिशेब तिचा बरोबर आहे.

तरी माझी इच्छा अशी: मी गेल्यानंतरच्या पहिल्या मार्चमधल्या हिगानला, वाटेवर बर्फ असतानाच, मला माझ्या गाडीतून वर न्यावे. तीन देवदारांपाशी थांबावे. उजवा हब मिझुहोने लावावा. डावा सुनागाने. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि चिवट आहे, म्हणजे हयात असेलच. गाडी वर पोहोचली तर मला हात्सुएजवळ ठेवावे आणि मिझुहोला जमेल तितकी वर्षे आम्हाला तिथेच राहू द्यावे.

गाडी पोहोचली नाही, किंवा पुढे मिझुहो थकली, तर हात्सुएला खाली आणून आम्हा दोघांना त्या इमारतीत ठेवावे. मला एकट्याला नाही, तिलाही एकटीला नाही. एकच बाजू लावून उपयोग नसतो. बटण दाबल्यावर मी तक्रार न करता येईन. नळी असल्यास तपासून घ्यावी.

मिझुहो, कधी एकटीच वर निघालीस तर उजवा लावून झाल्यावर गाडीच्या पुढून वळसा घालून डावीकडे जा. चारच पावले आहेत. तुझी आई असेपर्यंत मी ती एकदाही टाकली नाहीत.

वरील मजकूर कोणाच्या दबावाखाली लिहिलेला नाही. माझ्यावर दबाव टाकू शकणारी एकच व्यक्ती होती, तिने तो कधी टाकला नाही.

मुक्काम ओरिसावा. रेइवा शकाचे सहावे वर्ष, नोव्हेंबर महिन्याची एकोणीस तारीख. बर्फ अजून पडलेला नाही.

कुवाबारा तामेजी (सही व शिक्का)

साक्षीदार पहिली: इसोबे तोकिए. वाचले. पाना परत करायला आणला होता, आता घरी नेते.

साक्षीदार दुसरा: सुनागा मोरियो. वाचले. डावा हब मी लावीन. कलम ६ बद्दल माझी हरकत नोंदवावी: त्या दिवशी बर्फ खरोखरच फार होता.