सात उन्हे आणि बेचाळीस बासने

गुहागर, वैशाख शु. १, शके १८५७

तीर्थरूप अनंतदादांचे चरणी धाकट्या वनमालेचे साष्टांग नमस्कार. वि. वि.

येथील सर्व क्षेम, मला वगळून. दीर वामनरावांची नजर माळ्यावरच्या पोथ्यांवर गेली आहे. त्यांचे म्हणणे असे की, त्यांच्या भावामागे ती बेचाळीस बासने वाचणारे घरात कोणी उरले नाही, कसर लागली आहे, तेव्हा पौर्णिमेस रीतसर समुद्रात विसर्जन करावे. रिकाम्या माळ्यावर नारळ ठेवायचे आहेत. मी त्यांना ऐकवले की वाचणारी घरातच आहे, फक्त त्यांना दिसत नाही. शेवटी चार शेजाऱ्यांसमोर ठरले: सात दिवस पुरी उन्हे देऊन कसर गेली तर पोथ्या राहतील. मध्ये एक जरी भिजली, तर मीच सगळ्या लाटांवर सोडीन.

पोस्टमास्तर दादाजींनी मुंबईच्या वर्तमानपत्रातला अंदाज वाचून दाखवला. येता आठवडाभर किनाऱ्यालगत हवा उष्ण व कोरडी, पावसाचा संभव नाही. वामनरावांच्या मते छापखान्याला आभाळातले काही कळत नाही, आणि पंचांगात अष्टमीस पर्जन्ययोग आहे. मी परवा तृतीयेस पोथ्या बाहेर काढते. तुमचे पंचांग काय म्हणते ते कळवा. ऐकेनच असे नाही.

लोभ आहेच, तो या उन्हात सुकू देऊ नये.

आपली,
वनमाला

*

बोथ, जिल्हा आदिलाबाद, वैशाख शु. ६

चि. गं. भा. वनमाला हीस अनंतरावाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र इचोड्यावरून आज हाती आले. पाच दिवस लागले. म्हणजे हे तुला मिळेल तेव्हा तुझा आठवडा संपलेला असेल. भाकित करायला याहून निर्धास्त जागा नाही, म्हणून मोकळेपणाने करतो. माझ्याही पंचांगात अष्टमीस पर्जन्ययोग आहे. मुंबईत बसून कोणी पारा मोजतो, आणि त्याच्या भरवशावर तू यजमानांच्या पोथ्या अंगणात मांडतेस! ताबडतोब उचल.

इथे तहसिलीत दौतीतली शाई दुपारपर्यंत आटते. रोज नवी मागतो, तर तहसीलदारसाहेबांना वाटते मी ती पितो.

माझे ऐकशील तर ती बासने इकडे पाठव. वडिलांची नऊ इथे आहेत, त्यांच्या शेजारी सुखाने राहतील. तुझे यजमान वडिलांकडे शिकायला आले आणि जाताना विद्येबरोबर तुलाही घेऊन गेले. त्यातले निम्मे तरी परत येईल. बोथला खारा वारा नाही आणि पोथी समजणारा एक मनुष्य आहे. त्या मनुष्याच्या चुका तू लहानपणी जात्याआडून सांगत होतीस, हे वामनरावांना कळवायचे कारण नाही.

तुझी वहिनी चारुशीला ठीक आहे. प्रकृतीस जपावे, जिभेस थोडे अधिक.

तुझा,
अनंतराव

*

गुहागर, वैशाख शु. ११

तीर्थरूप दादांस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आज आले. आठवड्यापूर्वी आले असते तर घाबरून कदाचित ऐकलेही असते. टपालखात्याचे उपकार.

सात उन्हे झाली. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असे तोवर पाने पसरायची, दुपारी समुद्राकडून खारा सुटला की कडुनिंबाचा पाला घालून बांधायची. पान न् पान हाताने उलटावे लागते. उलटता उलटता मी वाचू लागले, मोठ्याने. शेजारणी आधी कुंपणापलीकडे होत्या, तिसऱ्या दिवशी अलीकडे आल्या. वामनरावांनी हरकत घेतली की बाईमाणसाने पोथी वाचू नये. मी विचारले की कसरीने खाल्लेली चालते का.

अष्टमीस खरेच ढग आले. वामनराव ओटीवर छत्री घेऊन बसले. पाने उचललीस तर तो दिवस धरायचा नाही, असेही त्यांनी बजावले. मी पान उलटले आणि पुढे वाचले. ढग घाटाकडे, म्हणजे तुमच्या अंगाला, निघून गेले.

एक थेंब नाही, एक किडा नाही. तर आता नवे म्हणणे काय, की पोथ्या खुशाल राहोत, पण विद्वान पुरुषाच्या हाती. तुमचे पत्र त्यांना आयतेच मिळाले. पेट्या दोरीने बांधून ते तुमच्या होकाराची वाट पाहत आहेत. तुम्ही हो म्हणालात तर मी तुमच्याशीही भांडेन, आणि तुम्हाला माहीत आहे मी हरत नाही.

लोभ या पत्रापुरता राखून ठेवला आहे.

वनमाला

*

बोथ, वैशाख वद्य १

चि. वनूस आशीर्वाद.

तुझे ढग पोचले.

तुला पंचांग ऐकायला सांगून दुसऱ्याच सकाळी मी वडिलांची नऊ बासने अंगणात मांडली. तुझ्या वर्तमानपत्राच्या भरवशावर. वनू पक्के म्हणते ते खरेच असते असे मानायची ही माझी चाळीस वर्षांची खोड. त्या अंदाजात ‘किनाऱ्यालगत’ असा शब्द होता. तो वाचला आणि सोडून दिला. समुद्र बोथहून किती लांब आहे हे मला अष्टमीस दुपारी कळले. वारा, मग गारा, मग धो धो. तुझी वहिनी, शेजारच्या भागाबाई आणि मी धावलो, पण पाणी आमच्या आधी पोचले. वहिनी म्हणाली की आता डोकं धरून काऊन बसून राह्यले, पानं तरी सोडवा. सोडवली. पुष्कळ ठिकाणी वडिलांचे अक्षर गेले.

वामनरावांना निराळे पत्र टाकले आहे. त्याची नक्कल:

“आपण मला विद्वान पुरुष म्हणालात, आभारी आहे. या पुरुषाला नऊ पोथ्या दोन दिवस सांभाळता आल्या नाहीत. बेचाळीस पोथ्या सात दिवस सांभाळणारी व्यक्ती आपल्याच अंगणात आहे. तिच्या हातून काढून माझ्या हाती देण्याची दरखास्त नामंजूर. पेट्या आल्याच तर इचोड्यावरूनच परत फिरवीन.”

तुला अधिक लिहायला तोंड नाही.

अनंतराव

*

गुहागर, वैशाख वद्य ८

तीर्थरूप दादांस सा. न.

तुमचे पत्र वामनरावांनी दोनदा वाचले. शेजाऱ्यांनी काय आले म्हणून विचारले, तेव्हा तिसऱ्यांदा वाचायला त्यांना चष्मा सापडेना. मग मीच वाचून दाखवले, सावकाश. पेट्यांच्या दोऱ्या सुटल्या, नारळ पडवीत राहिले, माळ्याची किल्ली माझ्या कमरेला आहे.

आता तुमच्याविषयी. राग आला, दोन दिवस राहिला. पाने फेकू नका. एकेक सुटे वाळवून, फडक्यात दाबून, मजकडे पाठवा. वडील तुम्हाला समोर बसवून सांगत आणि मी जात्याआड दळत असे. नऊपैकी सहा मला अजून तोंडपाठ आहेत. अक्षर जिथे गेले तिथे मी भरीन. उरलेल्या तीन तुम्ही आठवून लिहा, मी तपासून घेईन. बोरू आणि शाई पाठवा, तहसिलीतली पिऊन उरली असेल तर.

वामनरावांचे म्हणणे की पोथी लिहिणे बाईचे काम नव्हे. मी त्यांना पुढचा अंदाज सांगून ठेवला आहे. येते सारे वर्ष या ओटीवर मी लिहीत बसेन, लिहिलेले मोठ्याने वाचेन, आणि यात बदलाचा संभव नाही.

लोभ करावा आणि पाने कोरडी ठेवावीत.

आपली,
वनमाला