आधी हा मुलूख ओळखीचा होऊ दे

बाबा,

गेल्या रविवारी इथे सिएटलच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नागपूरच्या एका काकूंनी मला जेवणाच्या रांगेत गाठलं. "तुम्ही इस्राएलहून आलात ना? मग तुमचं मराठी इतकं छान कसं हो? आमच्या नातवंडांना दर संडेला क्लासला ड्रॉप करतो, तरी आजीशी इंग्लिशमध्येच बोलतात." मी म्हटलं, काकू, मी मराठी वाळवंटात शिकले, एका बसमध्ये. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग ताटात मसालेभात वाढून घेता घेता मी त्यांना सांगितलं, की आम्ही बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडचे यहुदी, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. वडील तिकडे एसटी चालवायचे, आणि मी नऊ वर्षांची असताना आम्हाला घेऊन इस्राएलला गेले. हल्ली त्या देशाचं नाव निघालं की लोक आधी माझा चेहरा बघतात आणि मग हवापाण्यावर बोलायला लागतात. काकूंनीही तेच केलं, आणि मला हायसं वाटलं. मला ज्या देशाबद्दल बोलता येतं तो तुमच्या बसच्या काचेतून दिसायचा तेवढाच, आणि तो कोणाला सांगायचा तर आधी तुमच्या नवसापासून सुरुवात करावी लागते. एवढं ऐकायला मसालेभाताच्या रांगेत कोणाला वेळ असतो?

आपण निघायच्या आदल्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. मला त्यातलं फारसं आठवत नाही, आईने सांगितलेलंच आठवतं. ताप उतरेना तेव्हा तुम्ही ड्युटी बदलून घेऊन खंडाळ्याला गेलात. घाटावरचं खंडाळा नव्हे, आपलं अलिबागजवळचं, जिथे एलियाहू नबीच्या रथाच्या चाकांच्या खुणा दगडावर उमटल्यात असं आपण मानतो. तिथे तुम्ही नवस बोललात, पोर बरी झाली तर तिला स्वतः इथे घेऊन येईन आणि मलिद्याचा नैवेद्य करीन. मी बरी झाले. पण तोवर गावातली निम्मी घरं इस्राएलला गेली होती, मलिद्याच्या प्रार्थनेला लागतात तेवढे आपले दहा पुरुष जमेनात, आणि बघता बघता आपलेही कागद आले. आई म्हणाली, दहा नाहीत तर सातांत करा, नबी काय माणसं मोजत बसणार आहे का? तुम्ही म्हणालात, नवस आहे, त्यात सूट मागायची नसते. पुढच्या खेपेला करू.

बीरशेबाला उतरलो तेव्हा आईने खिडकीतून बाहेर बघितलं आणि पदर तोंडाला लावला. एक झाड नाही, सगळीकडे नुसतं पिवळं. तुम्ही सहा महिने कापडाच्या कारखान्यात गठ्ठे उचललेत, मग लायसन्स मिळालं आणि एलातच्या रस्त्यावरची बस हातात आली. त्या दिवसापासून आईने नवसाचा विषय काढला की तुमचं ठरलेलं उत्तर: "आधी हा मुलूख ओळखीचा होऊ दे, मग खंडाळ्याला जाऊ." आईला ते उडवाउडवीचं वाटायचं. ती म्हणायची, मुलूख काय नवरी आहे, ओळख व्हायला? पण तुम्ही खरंच ओळख करून घेत होतात, आणि त्या कामाला मला सोबत नेत होतात.

शाळेला सुट्टी लागली की मी तुमच्या मागच्या पहिल्या सीटवर. मांडीवर डबा, त्यात चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. तुम्ही गाडी चालवताय आणि माझ्याशी मराठीत बोलताय, मध्येच आरशातून बघताय की मी झोपले नाही ना. दिमोना सोडलं की उतार लागतो, कान बंद होतात, आणि खाली अरावाचं सपाट रान पसरतं. तिथे काटेरी झाडं दिसली त्या दिवशी तुम्ही केवढे खूश झालात. "बघ, बाभूळ. इथेपण बाभूळ आहे. म्हणजे माणूस जगू शकतो." मग एकेक सापडत गेलं. बोरीसारखं एक झाड सापडलं, त्याची फळं तुम्ही एका थांब्यावर उतरून चाखून आलात आणि तोंड वाकडं करत म्हणालात, आपल्या बोरांची सर नाही. संध्याकाळी पूर्वेकडचे डोंगर लाल व्हायचे आणि तुम्ही गाडी थोडी हळू करायचात. जांभ्या दगडाचा रंग आहे, म्हणायचात, अगदी आपल्या घराच्या जोत्याचा. पण ते डोंगर सरहद्दीपलीकडचे, जॉर्डनमधले. अख्ख्या मुलखात घरासारखं एकच काही दिसलं आणि तेही दुसऱ्याच्या देशात निघालं, असं म्हणून तुम्ही हसलात. मी पण हसले, कारण तुम्ही हसत होतात.

भाषा तुम्हाला प्रवाशांनी शिकवली, आणि तीही ओरडून. दार लावायला घेतलं की मागून हाका, "रेगा, नेहाग!" म्हणजे थांब रे, ड्रायव्हर. त्यामुळे पहिलं वर्षभर तुमच्या हिब्रूत नुसते हुकूमच होते: थांब, उघड, चल, पुढे सरक. आभार मानायचे शब्द उशिरा आले. तासाच्या ठोक्याला रेडिओवर बातम्या लागायच्या, तेव्हा तुम्ही आवाज मोठा करायचात आणि सगळी बस गप्प व्हायची. तुम्हाला अक्षर कळायचं नाही. तुम्ही आरशात लोकांचे चेहरे बघायचात, आणि खालच्या आवाजात मला सांगायचात, आज बरं आहे, किंवा, आज कोणाचं तरी पोरगं गेलं. तुम्ही कधी चुकला नाहीत. मला शाळेत शिकून सगळे शब्द येत होते, पण ते ऐकून मला नुसती बातमी कळायची.

त्याच सुमाराला मी एकदा जेवताना तुम्हाला हिब्रूत उत्तर दिलं. त्या भाषेत बापाला काय, पंतप्रधानाला काय, सगळ्यांना एकच "तू". तुम्ही घास ताटात ठेवलात. "बाहेर ज्याला जे म्हणायचं ते म्हण. ह्या घरात मी तुझा बाप आहे." आई पोळी भाजायची थांबली, दादाने मान खाली घातली, आणि त्यानंतर आपल्या घरात चौकटीच्या आत हिब्रू आली नाही. ती बाहेरच्या चपलांबरोबर राहिली. गंमत म्हणजे बसमधला तो "तू" तुम्हाला आवडायला लागला होता. युनिव्हर्सिटीचा प्रोफेसर आणि खजूर तोडायला जाणारा मजूर, दोघंही मला तू म्हणतात, तुम्ही आईला कौतुकाने सांगत होतात, इथे कोणी साहेब नाही. आई म्हणाली, मग पोरीने म्हटलं तर काय बिघडलं? तुम्ही पाणी प्यायला उठून गेलात.

आणि तो पूर. हिवाळ्याची सुट्टी, आकाश स्वच्छ, ढगाचा ठिपका नाही. कोरड्या नदीचं पात्र रस्त्याला आडवं जातं तिथे घोटाभर गढूळ पाणी वाहत होतं. तुमच्या शेजारी उभी असलेली एक सैनिक मुलगी म्हणाली, घालू नकोस गाडी, थांब. मागूनही दोघंतिघं ओरडले. तुम्ही मला मराठीत म्हणालात, "मी कोकणातला आहे, ह्यांनी मला पाणी शिकवायचं?" आणि पुढची चाकं घातलीत. आपल्याकडे पूर येतो तो पावसाला सोबत घेऊन, डोक्यावर. तिथे पाऊस कुठल्या कुठे डोंगरात पडतो आणि पाणी इथे कोरड्या उन्हात येतं. आवाज आधी आला. सगळी बस एका सुरात ओरडली आणि तुम्ही गाडी मागे घेतलीत. आपण नुसते बघत राहिलो, झाडंच्या झाडं वाहत चालली होती. संध्याकाळपर्यंत आपण सगळे तिथेच अडकलो. एका म्हाताऱ्याने छोट्या शेगडीवर कॉफी केली, आईने डब्यात दिलेल्या पुऱ्या बसभर फिरल्या, आणि तुम्हाला कोणी एक शब्द बोललं नाही. त्या मुलीने तुम्हाला शब्द शिकवला, शिटाफोन, म्हणजे असा अचानक येणारा पूर. पुढे आईचा आवाज चढला की तुम्ही हळूच तेवढंच म्हणायचात आणि आम्ही दोघं भावंडं हसू आवरेना म्हणून ताटावरून उठायच्या बेतात असायचो. तो शब्द मात्र घरात चालला, त्याला तुम्ही चौकट ओलांडू दिलीत.

मी सोळा वर्षांची असताना, एलातच्या डेपोत गाडी लावून तुम्ही चहा पीत होतात तेव्हा, मी तुम्हाला सरळ विचारलं. नवस माझ्यासाठी आहे, मग मला घेऊन का जात नाही? पैसे साठलेत, सुट्टी मिळते, लोक जाऊन येतात. तुम्ही कप खाली ठेवलात. "आत्ता गेलो तर मी परत येणार नाही ग. तुम्ही तिघं इथे रुजलात. माझी मुळं अजून पिशवीत आहेत." आज वाटतं, तुमचा हात तरी धरायला हवा होता.

मग दादाची सैन्यातली वर्षं आली, माझं कॉलेज, तुमचे गुडघे. आणि मग मला अमेरिकेत, सिएटलजवळ रेडमंडला नोकरी लागली. विमानतळावर सोडायला तुम्ही स्वतः गाडी चालवत आलात. वाटेतल्या प्रत्येक टेकडीचं, प्रत्येक फाट्याचं नाव तुम्हाला येत होतं, पाऊस कुठे किती झालाय ते जमिनीच्या रंगावरून कळत होतं. माझं सामान उतरवून तुम्ही म्हणालात, "आत्ता कुठे हा मुलूख माझा झाला, आणि तू निघालीस." आणि लगेच सावरून, "आता मी खंडाळ्याला जाऊ शकतो. तू ये सुट्टी घेऊन. तुझ्याशिवाय नवस फिटणार नाही." मी म्हटलं, पुढच्या वर्षी. त्या वर्षी व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं, अमेरिका सोडली असती तर परत यायचे वांधे होते. त्याच्या पुढच्या वर्षी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची रिलीज होती. रिलीज म्हणजे काय ते तुम्हाला फोनवर समजावताना मी वैतागले, आणि तुम्ही म्हणालात, असू दे, नबी कुठे पळून जात नाही. नबी नाही पळाला. तुम्ही गेलात. आपल्यात माती लगेच देतात. सिएटलहून विमान बदलत बदलत मी पोचले तेव्हा दादाच्या घरी सुतकाला लोक जमिनीवर बसले होते आणि तुम्ही केव्हाच त्या पिवळ्या जमिनीत होतात.

बाबा, मी ह्या देशात तुमच्या त्या देशातल्या वर्षांइतकी तरी वर्षं काढली आहेत. घर आहे, मागे उंच झाडं आहेत. त्यांची नावं मला येत नाहीत. सकाळी गाडीत बसायचं, वायपर लावायचे, ऑफिस गाठायचं, अंधारात परत. पलीकडे मोठा डोंगर आहे, बर्फाचा, ढग हटले तर दिसतो. मी त्याच्याकडे बघून कधी गाडी हळू केली नाही. एकदा लेकीला विचारलं, हे कसलं झाड ग? ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "आय डोन्ट नो, मॉम. गूगल इट." चिडायला मला तोंड नव्हतं. तिला मागच्या सीटवर बसवून मी फक्त क्लासला नेलं. मुलूख ओळखीचा व्हायला आधी तो आपल्याला हवा असावा लागतो, हे मला तुमच्याकडून शिकता आलं असतं. मला इथे फक्त पोचायचं होतं.

गेल्या डिसेंबरात मी खंडाळ्याला जाऊन आले. एकटीच. दादा म्हणाला, नवस फेडून ये, बाबांच्या जिवाला शांती. अलिबागच्या बाजारातून पोहे घेतले, उतरले होते त्या घरच्या वहिनींनी खवणी दिली, नारळ खवला, गूळ, वेलची, पाच फळं, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं आईच्या पद्धतीने. सिनेगॉगमधल्या म्हाताऱ्या काकांनी स्वतःहून सांगितलं, चार घरं उरलीत आमची, पण तुझ्या बापासाठी दहा माणसं जमवतो, काळजी करू नको. मी त्यांना म्हटलं, नको काका, मी नुसती दर्शनाला जाणार आहे. आणि मलिद्याचं ताट फडक्याने झाकून रिक्षात बसले.

त्या दगडापाशी मी बराच वेळ बसले होते. तुम्ही कुठे उभे राहिला असाल त्याचा अंदाज घेतला. ताटावरचं फडकं मी काढलंच नाही. दहा माणसं मिळत होती बाबा, मीच जमू दिली नाहीत. तुम्ही नाही, तुमच्यामागून आईही गेली, ती बस नाही. तुम्ही आणि मी मिळून करायचं म्हणून ठरलेलं एवढं एकच काम राहिलंय, ते उरकून टाकायला माझा हात उठला नाही. परतीच्या वाटेवर रिक्षावाल्याला आणि मला भूक लागली, तेव्हा आम्ही दोघांनी तो मलिदा खाल्ला. चांगला झाला होता, गूळ जरासा जास्त.

त्या संध्याकाळी दादाचा बीरशेबाहून फोन आला. फेडलास ना, त्याने विचारलं. मी हो म्हटलं.