दर चाळीस मिनिटांनी

३ तारीख, सोमवार. पीएच.डी.चं नववं वर्ष. सरांनी बजावलं, महिनाअखेरपर्यंत हाती काही लागलं नाही तर टेबल रिकामं करायचं. बायको म्हणाली, हे प्रकरण आपल्या लग्नापेक्षा थोरलं आहे. दुर्लक्ष केलं.

६. काचेच्या नळीत दोन द्रव. एका नेमक्या टेम्परेचरला एकत्र राहावं की फारकत घ्यावी हेच त्यांना कळत नाही. सगळं दुधासारखं पांढरं होतं. लोक म्हणतात नुसता गोंधळ. मी म्हणतो, आत शिस्त लपली आहे.

११, दु. १२.२०. शिस्त सापडली! नळीला जोडलेल्या मशीनच्या ग्राफमध्ये दर चाळीस मिनिटांनी एक उंचवटा. घड्याळ लावून घ्यावं. बायकोला फोन केला. ती म्हणाली, येताना साबण आण. विसरलो. मोठ्या माणसांचं असं होतंच.

१४. उंचवट्याला माझं आडनाव द्यायचं ठरलं. सरांना इतक्यात सांगणार नाही, ते स्वतःचं पुढे चिकटवतील.

१७, सोमवार. काल सासूबाईंकडे जावं लागलं. मशीन चालूच होतं. रविवारचा ग्राफ सपाट! म्हणजे निसर्गही सुट्टी घेतो. याचा वेगळा पेपर.

२०. सरांना दाखवलं. मग त्यांनी लॅबच्या शिपायाला, मामांना, विचारलं, हे नळीच्या खोलीत कितीदा डोकावतात? मामा म्हणाले, दर चाळीस मिनिटांनी. मी घड्याळ बघतच नाही, हे उठले की चहा टाकतो. सर म्हणाले, त्या टेम्परेचरला नळी इतकी हळवी असते, की जवळ उभ्या माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा तिला पुरते. मामांना काय कळतं विज्ञानातलं!

२१. घरी सांगितलं. बायको आधी हसली, मग माझं तोंड बघून थांबली. मला रडू आलं. नऊ वर्षं हो!

२४, सोमवार. सरांनी शेवटची संधी दिली. तीन दिवस खोली बंद, आत कोणी जायचं नाही. मी तर नाहीच. दार उघडलं तर विषय संपला. बायकोच्या गळ्याशपथ कबूल केलं. नऊ वर्षं संयमच तर पाळला आहे.

दु. ३.१०. बाहेर स्टुलावर बसलोय. किल्ली मामांकडे होती. हरवतील बिचारे, म्हणून माझ्या खिशात ठेवली. मन शांत.

३.३५. मन शांतच आहे.

३.५०. आत सगळं ठीक असेल ना? दार नुसतं किलकिलं करतो. श्वास रोखून.

३.५३. सगळं ठीक आहे. बाहेर आलो तर मामांनी चहा टाकला होता.