उरलेली हवा

सोमवार, ४ तारीख

नववीला श्वसन शिकवलं. पेशीतली तंतुकणिका अन्न आणि ऑक्सिजन घेऊन ऊर्जा कशी तयार करते, हे सांगता सांगता मलाच धाप लागली! तीन मजले चढून आलो होतो ना. टेबलाला धरून म्हणालो, आता सरांच्या पेशी ऑक्सिजन मागताहेत, नीट बघा. पोरं हसली. प्रात्यक्षिक म्हणून खपून गेलं.

मंगळवार, ५

गणिताच्या बाईंनी घरी फोन करून चुगली केली. बायकोचं फर्मान सुटलं — आधी डॉक्टर, मग शाळा.

भीती वाटतेय. वडील धाप लागूनच गेले. लिहून टाकलं, बस्स.

गुरुवार, ७

फुफ्फुसांची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं, छातीभर श्वास घ्या, जोरात फुंका, आतली सगळी हवा बाहेर काढा. आता निमूट फुंकायचं की नाही! पण मी पडलो हाडाचा मास्तर. अर्ध्यातच थांबून, चिमट्यासकट, गेंगाण्या आवाजात तिला समजावलं, की फुफ्फुसं कधीच पूर्ण रिकामी होत नाहीत, थोडी हवा आत उरतेच, तेव्हा ‘सगळी’ म्हणणं शास्त्राला धरून नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती फुंक बाद केली. दुसऱ्या वेळी आत किती उरली असेल याचा हिशेब करत राहिलो — बाद. तिसऱ्या वेळी स्वतःचंच हसू आलं — तीही बाद. बाहेर लोक ताटकळले होते.

शेवटी सोबत आलेली ही उठली. म्हणाली, ‘अहो, एवढं काय त्यात? मी दाखवते.’ माझी तऱ्हा बघून त्या मुलीलाही दया आली असावी. तिने नवी नळी लावून दिली. हिने डोळे मिटून फुंकलं आणि खोकत खोकत खालीच बसली. आली मोठी शिकवणारी, मी म्हटलं. मग ईर्ष्येने मी अशी फुंक मारली की मुलगी म्हणाली, झकास!

त्यानंतर तिने हिचं वय, उंची विचारली आणि हिलाही आणखी दोनदा फुंकायला लावलं. दोघींची गंमत चाललेली. मी घड्याळ बघत बसलो.

शुक्रवार, ८

रिपोर्ट उद्या. जेवण गेलं नाही. ‘तुमचं काही निघायचं नाही,’ ही म्हणाली. हिला काय कळतंय!

शनिवार, ९

माझी फुफ्फुसं ठणठणीत. पोट कमी करा म्हणाले डॉक्टर. सुटलो म्हणून उठलो, तर त्यांनी बसायची खूण केली, दुसरा कागद पुढे ओढला आणि हिला विचारलं, दम कधीपासून लागतो?

ही माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘वर्ष झालं असेल. म्हटलं, आधी ह्यांचं होऊ दे, मग सांगू.’