नऊ नंबरचे एक्केचाळीस अंश

सोमवार, ३ जून. सकाळी ९.
पुठ्ठ्याच्या कारखान्यात आजपासून आपलं राज्य. विजेची चौदा पॅनेल, चौदा सेन्सर, वायर एकही नाही. प्रत्येक सेन्सर आपल्या पॅनेलचं तापमान शेजारच्याला सांगणार, तो पुढच्याला, असं करत ऑफिसातल्या स्क्रीनवर. मधला एखादा झोपला तरी डेटा दुसऱ्या वाटेने येणारच. साहेबांना हे उभं राहून समजावलं. ते बसून जांभया देत होते. इथले वायरमन माझे सख्खे मामा. त्यांनी शब्द टाकला म्हणून काम मिळालं, पण ते काय, मिळालंच असतं.

बुधवार, ५ जून.
तेरा पॅनेल बोलतात. नऊ नंबर बॉयलरमागे, लोखंडी भिंतीआड. गप्प. मामा म्हणाले, मध्ये अजून एक सेन्सर टाक की. मी म्हटलं, हे सॉफ्टवेअरचं काम आहे, तुम्हाला नाही कळायचं. जरा तोडूनच बोललो. उद्यापासून नम्रपणा.

शनिवार, ८ जून. दुपारी ४.
सोमवारी डेमो. नऊ नंबर आजवर एकदाच बोललं. रिकामी चौकट बरी दिसत नाही. तोडगा काढला: डेटा आला नाही तर आधीचाच आकडा पुन्हा दाखवायचा. दोन ओळींचं काम. याला खोटं म्हणता येणार नाही, आकडा एकदा खरा होताच. डेमो झाला की मधला सेन्सर बसवणार म्हणजे बसवणार.

सोमवार, १० जून.
डेमो झकास. डेटा शंभर टक्के. नऊ नंबर, ४१ अंश. साहेबांनी पाठ थोपटली आणि मामांची पॅनेल तपासायची रोजची फेरी बंद केली. मामा माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी वाकून बुटाची नाडी बांधली. बुटाला नाडी नव्हती.

गुरुवार, १३ जून.
सेन्सर राहिला. पाठ धरलीय, शिडी नको. बायको म्हणाली, काल तर माळ्यावरून पंखा काढलास. पंखा हलका असतो.

शनिवार, १५ जून.
नऊ नंबरकडे जळका वास आला म्हणून मशीनवाल्याने मामांना बोलावलं. मामांनी स्क्रीन पाहिला. ४१. वीज बंद केली आणि केबलचा ढिला जॉइंट आवळायला उघडा हात घातला. तळहात भाजला. उजवा. डॉक्टर म्हणाले, मूठ मिटायला दोन महिने लागतील. ग्लव्हज घालायचा नियम आहे खरं तर.

संध्याकाळी.
वरचं शेवटचं वाक्य वाचून माझीच मला लाज वाटली.

सोमवार, १७ जून.
सगळं सांगायचं ठरवून साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, तुझे मामा म्हणतात चूक त्यांचीच. मी म्हटलं, वय झालंय त्यांचं. हे मी म्हटलं. बाहेर येऊन त्या दोन ओळी काढून टाकल्या. दोन दिवस उशिरा.

मंगळवार, १८ जून.
मामांकडे गेलो. आज कबूल करणारच होतो. मामी त्यांना चमच्याने भरवत होती. मी म्हटलं, मामा, तो आकडा. एवढंच जमलं. मामा म्हणाले, तो डेमोच्या दिवसापासून हलत नव्हता रे, मला दिसत होतं. मशीन चालू असताना आकडा हलत नाही, असं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पण म्हटलं, तू बसवलंयस म्हणजे बरोबरच असणार. मग त्यांनी विचारलं, बरोबरच होता ना?

मी हो म्हटलं. मामीने चहा केला होता, तो घेतला आणि घरी आलो.