अठ्ठेचाळीसच्या पुढचे ड्राइव्ह

६ ऑक्टो., सोम.
पेंडसेला आणखी ड्राइव्ह हवेत. नवा क्लायंट आला की "तुमचा स्वतंत्र ड्राइव्ह" असं कबूल करून येतो, सोसायटीत पार्किंग वाटावं तसं. डिलिव्हरी हेड आहे. आयुष्यात बॅकअपची टेप हातात धरलेली नाही. कितव्यांदा तरी सांगितलं की ही लायब्ररी, क्लायंटच्या डेटाच्या प्रती जिथे राहतात ती, म्हणजे डिस्कनं घेतलेलं टेपचं सोंग. सोंग हवे तेवढे ड्राइव्ह, म्हणजे टेपवर लिहिणारी यंत्रं, दाखवेल, पण आपला बॅकअप सर्व्हर ४८च ओळखतो. पुढचे त्याला दिसतच नाहीत.
"व्हर्च्युअल आहेत ना मॅडम? मग लिमिट कसली?"
फुकट ते पौष्टिक. असल्यांना उत्तरं देण्यात एकवीस वर्षं गेली माझी.

८ ऑक्टो., बुध.
मीटिंग दीड तास. जुलैत आईच्या मोतीबिंदूसाठी मी रजेवर होते, तेव्हा पें.नं व्हेंडरच्या माणसाकडून परस्पर ४८चे ६४ करून घेतले. आज ते स्लाइडवर "यश" म्हणून. टाळ्याही पडल्या. मग सगळ्यांसमोर मला विचारतो, तीन महिने रिपोर्ट हिरवा आहे, मॅडमना नेमका त्रास काय? मी लॅपटॉप मिटला. वरचे सोळा शोभेचे, राहू देत. त्याच्या नादी कोण लागणार.
दुपारी पनवेलच्या क्लायंट हॉस्पिटलचं सप्टेंबरचं सर्टिफिकेट, बॅकअप पूर्ण, सही करून पाठवलं. दोन मिनिटांचं काम.

१३ ऑक्टो., सोम.
मुकादमबाईंचा फोन. हॉस्पिटलचं रेकॉर्ड सांभाळतात, पनवेलला. इतक्या क्लायंटमध्ये मेल शेवटपर्यंत वाचणारी ही एकच बाई. त्यांची स्कॅनची डिस्क कुरकुर करतेय, ऑगस्टच्या काही फायली उघडत नाहीत. केमोचे पेशंट आहेत, डॉक्टरांना जुने स्कॅन ताडून बघायचेत. तुमच्याकडची प्रत द्या म्हणाल्या. तासाभरात देते म्हटलं, तोऱ्यात.
ऑगस्टचं काही नाही. सप्टेंबरचंही नाही. शेवटची प्रत जुलैच्या मध्याची.

१३ ऑक्टो., संध्या.
सापडलं. पें.नं हॉस्पिटल मोठा क्लायंट म्हणून मानानं नव्या कोऱ्या ड्राइव्हवर नेऊन बसवलं. ५२ ते ५६. सर्व्हरला ते दिसत नाहीत, त्यामुळे रोजचा बॅकअप "ड्राइव्हची वाट पाहत आहे" म्हणून रांगेत पडून. रिपोर्ट मोजतो फक्त फसलेले बॅकअप. वाट पाहणारा फसलेला नाही, म्हणून हिरवा. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.
पण रांग बघायला एक क्लिक लागते. मी जुलैपासून ती केली नाही. ते सोळा त्या गाढवाचे म्हणून तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तीन सर्टिफिकेटं गेली, तिन्हींवर माझी सही. लाज वाटते. त्याची नाही, माझी.

१४ ऑक्टो., मंगळ.
सातलाच कोपरखैरण्याहून निघाले. एका विमा कं.चे चार ड्राइव्ह काढून हॉस्पिटलला दिले, कोणाला न विचारता. पूर्ण प्रत सुरू केली. त्यांची डिस्क आजारी, अडखळत वाचतेय. दुपारपर्यंत ९%.
पें.ला सांगितलं. आधी पांढरा पडला, मग लगेच वाट सापडली. "कम्पॅटिबिलिटी इश्यू म्हणून कळवू. सर्टिफिकेटचा विषय काढू नका, तुमच्याच हिताचं आहे." माझ्या हिताची काळजी त्याला पहिल्यांदाच वाटली. नोकरी जाऊ शकते, ते मलाही कळतं. लेकीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष बाकी आहे. या वयात मला कोण...

१५ ऑक्टो., बुध.
मुकादमबाईंना मीच फोन केला. सगळं सांगितलं. पें.चे सोळा ड्राइव्ह आणि माझ्या तीन सह्या, दोन्ही. चिडतील असं धरून चालले होते. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,
"मॅडम, डिस्क बदलायचीच होती आमाला ऑगस्टमध्ये. तेवढ्यात तुमचा कागद आला, बॅकअप पूर्ण. मग मीच साहेबांना बोलले, घाई नाय, दिवाळीनंतर करू."
मग त्यांनीच विचारलं, किती झालं? तेवीस टक्के. आता काय करू, डिस्क बंद करू का? म्हटलं, नाही, बंद केली तर परत सुरू होईलच असं नाही, चालू ठेवा, हात लावू नका. लगेच "बरं" म्हणाल्या. अजूनही माझं ऐकतात.
फोन दुपारी तीनला झाला. सहाला पाहिलं, अजून २३च.