दाढा आहेत तोवर

गुरुवार, २८ ऑगस्ट

पुन्हा ठणकायला लागली. उजवीकडची, खालची, अगदी शेवटची. रात्री जेवताना एकदम कळ आली. घास तसाच डाव्या गालात सरकवला आणि बाबांच्या विनोदावर हसलो. कोणाला कळलं नाही. कळता कामा नये!

जूनमध्ये दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला होता. चारही अक्कलदाढा आत, त्यातल्या खालच्या दोन्ही आडव्या, पुढच्या दाढेला डोकं टेकून झोपलेल्या. 'मिशनला जायच्या आधी काढून टाक बाबा. तिकडे परमुलखात कुठे सर्जन शोधशील?' चर्चचंही म्हणणं तेच. दोन वर्षं धर्मप्रचाराला पाठवायचं, तर डॉक्टरांची सही झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. बाकी सगळं तयार आहे. लशी झाल्या, तपासणी झाली, बाबांनी हौसेने दोन सूटही घेऊन ठेवलेत. दाढा तेवढ्या उरल्यात. त्या आहेत तोवर मी घरी आहे.

म्हणून टाळतोय. आधी म्हणालो, शेताला पाणी देण्याचं काम संपू दे. आता म्हणतोय, बटाट्याची काढणी होऊ दे. बटाट्यावर जगणाऱ्या आयडाहोत या कारणाला कोणी नाही म्हणत नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवतो.

मंगळवार, २ सप्टेंबर

आमच्यात सगळेच रोजनिशी लिहितात. आईने दिलेली चामड्याच्या पुठ्ठ्याची वही वर टेबलावर असते. तिच्यात मी नातवंडांनी वाचावं असं लिहितो. सूर्यास्त वगैरे! खरं इथे, या लपवलेल्या वहीत लिहितो.

तर खरं हे, की मला जायचं नाही. दोन वर्षं पांढरा शर्ट घालून अनोळखी दारं ठोठावायची आणि दार उघडणाऱ्याला सांगायचं — आमचा धर्म खरा आहे, मला ठाऊक आहे. चर्चमध्ये उभं राहून 'मला वाटतं' असं कोणी म्हणत नाही. पाच वर्षांचं पोरही छाती पुढे काढून सांगतं, मला ठाऊक आहे! मला ठाऊक नाही. देवाला विचारून पाहिलं, गुडघे दुखेपर्यंत विचारलं. पलीकडून काहीसुद्धा आलं नाही.

हे सांगायचं कोणाला? थोरला भाऊ ॲमन आठ महिन्यांत मिशनवरून परत आला. त्याची झोप उडाली होती, रडू थांबत नव्हतं. इतरांना आणायला गाव विमानतळावर लोटतं, फलक काय, फुगे काय! त्याला आणायला आम्ही चौघंच गेलो. दुसऱ्या दिवशी शेजारणी चीज घालून भाजलेले बटाटे घेऊन आल्या. मयताच्या घरी नेतात ना, तेच. कोणी दुष्टाव्याने नाही आणले, तेच वाईट. आता तो दूर बॉयझी शहरात गाड्या दुरुस्त करतो. भिंतीवर त्याचा फोटो आहे, पण जेवणाच्या टेबलावर त्याचं नाव निघत नाही.

माझ्या अर्जाची सर्वांत जास्त चौकशी आईच करते. 'टॅल, डॉक्टरांना फोन केलास का?' रोज!

रविवार, ७ सप्टेंबर

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे उपास. माझी चंगळ! दोन्ही वेळा कोणी चावतच नाही, त्यामुळे मी चावत नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही.

चर्चच्या सभेत आई बोलायला उठली. सहसा उठत नाही ती. 'आजचा उपास मी माझ्या धाकट्या मुलासाठी धरलाय,' एवढंच म्हणून बसली. सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. बाबांनी माझा गुडघा दाबला. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

गुरुवार, ११ सप्टेंबर

काढणी सुरू झाली. काढणीयंत्राच्या पट्ट्यावरून येणाऱ्या बटाट्यांतले दगड आणि ढेकळं दिवसभर वेचतोय. धूळ, धडधड, आणि प्रत्येक धडधड सरळ दाढेत.

धाकट्या बहिणीने, ब्रिनलीने, पकडलंच. 'काय रे, गालात काय लपवलंयस? खारीसारखा दिसतोयस!' सोळा वर्षांची आहे, पण नजर जकात नाक्यावरच्या शिपायाची. म्हटलं, गांधीलमाशी चावली.

शनिवार, १३ सप्टेंबर

संपलं सगळं. ताप आला. तोंड एका बोटापलीकडे उघडेना. तोंडाला घाण वास. गिळताना कानापर्यंत सुरी फिरते. आईने कपाळाला हात लावला आणि बाबांना हाक मारली.

बाबांनी मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. डोक्यावर पवित्र तेलाचा थेंब टाकला, आमच्या चर्चचे प्रमुख बिशप ऑलरेड, त्यांनाही बोलावून घेतलं होतं, दोघांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. बाबांचे हात नेहमी ग्रीसने काळे असतात. आज साबणाने घासून आले होते. त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाले, 'या मुलाचा जबडा बरा कर, कारण याचा आवाज तुझ्या कामासाठी हवा आहे.' मी खाली, डोळे मिटून. खोटारडा! मला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं. पण तोंडच उघडत नव्हतं.

सोमवार, १५ सप्टेंबर

सर्जन निशियोका बाईंनी झापलं. 'ही सूज गळ्यात उतरली असती तर श्वास अडकला असता. इतके दिवस काय करत होतास?' आईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

आठवडाभर गोळ्या. पुढच्या सोमवारी चारही काढणार. गुंगी देऊन.

मंगळवार, १६ सप्टेंबर

ब्रिनलीला कसला आनंद झालाय! 'तुझा व्हिडिओ मी काढणार, फोन चार्ज करून ठेवणार!' आमच्याकडे ही रीतच पडली आहे. दाढा काढून, गुंगीत बरळत बाहेर आलेल्या पोराचा व्हिडिओ काढायचा आणि मिशनच्या निरोपाच्या जेवणात सगळ्या नातेवाइकांना दाखवायचा. ॲमन गाडीच्या सीटबेल्टची माफी मागत रडला होता. लोक हसून लोळले. चुलत बहिणीने भर गाडीत सांगून टाकलं की तिला तिच्या मैत्रिणीचा नवरा आवडतो. तो व्हिडिओ कोणी दाखवत नाही, पण पाहिलाय सगळ्यांनी.

गुंगीत माणूस खरं बोलतो.

मी काय बोलेन, हे मला पक्कं माहीत आहे. आईच्या देखत, ब्रिनलीच्या फोनमध्ये.

बुधवार, १७ सप्टेंबर

गोठ्यामागे जाऊन दवाखान्यात फोन केला. गुंगीशिवाय काढता येतील का? निशियोका बाई स्वतः बोलल्या. 'येतील. जागा बधिर करू. पण तुला सगळं ऐकू येईल आणि दाब लागेल. लोक घाबरतात.' म्हटलं, चालेल. आणि आईला सांगू नका. 'अठरा पूर्ण आहेत ना तुला? मग निर्णय तुझा. मी कोणाला सांगणार नाही.'

आईने पुन्हा विचारलं, 'गुंगीची भीती नाही ना वाटत?' म्हटलं, छे!

रविवार, २१ सप्टेंबर

उद्या.

सोमवार, २२ सप्टेंबर

आडवा पडून लिहितोय, अक्षर जाऊ दे.

इंजेक्शनं झाली. ओठ, जीभ, हनुवटी, काहीच माझं राहिलं नाही. 'आता नुसता दाब लागेल.' दाब! माझ्या जबड्यावर पाय रोवून कोणी पहार मारतंय असं वाटत होतं. वरच्या दोन पटकन निघाल्या. खालच्या निघेनात. कापाव्या लागल्या. कवटीच्या आतच काडकन आवाज झाला, तसा मी खुर्चीचे हात धरले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. नर्स म्हणाली, 'शूर आहेस हं.' शूर! पळपुटा आहे मी.

मग तोंडात कापसाच्या घड्या दाबून झोकांड्या खात बाहेर आलो. ब्रिनलीचा फोन तयारच. मी डोळे अर्धे मिटले आणि सुरू केलं. बोबडा तर होतोच! 'बटाटे रडतायत... त्यांना डोळे आहेत ना... कोणी त्यांचे डोळे पुसा...' ब्रिनली हसून हसून बाकावर आडवी. आईही हसली. गाडीतही तेच चालू ठेवलं, ब्रिनलीला शाळेत व्हॉलीबॉलला सोडेपर्यंत.

मग आम्ही दोघंच. आईने मिल्कशेक घेतला, माझ्यासाठी चमचा मागून घेतला, कारण नळीने ओढलं तर जखम उघडते. पण निघालीच नाही. गाडी दुकानाच्या मागे, कालव्याकडे तोंड करून उभी. मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटलेले.

'टॅल? झोपलास?'

मी श्वास संथ केला.

'बरं आहे. उद्या तुला यातलं काही आठवणार नाही.'

मग बोलायला लागली. जसं आठवतंय तसं लिहितो.

'ऑगस्टपासून पाहतेय मी, एका बाजूने चावतोस. नळ सोडून गुळण्या करतोस. एक शब्द बोलले नाही. आई म्हणवते स्वतःला! मला वाटायचं, राहू दे ती दाढ. जेवढे दिवस आत आहे तेवढे दिवस पोर घरात आहे. तुझ्या गळ्याशी आलं असतं तर? मग काय केलं असतं मी?'

'उपास कशासाठी धरला होता, माहितीये? लोकांना वाटलं तुझ्या मिशनसाठी. मी सबंध दिवस एकच मागत होते. याला नेऊ नकोस.'

'ॲमन विमानातून उतरला तेव्हा सगळे म्हणाले, वाईट झालं गं. मी विमानतळाच्या संडासात जाऊन आनंदाने रडले. जिवंत परत आला होता माझा मुलगा. हे मी तुझ्या बाबांना आजतागायत सांगितलेलं नाही.'

'आणि तू सूट घालून आरशासमोर उभा. कोणत्या तोंडाने म्हणू, जाऊ नकोस? कधी कधी वाटतं तूही नाटकच करतोयस. पण विचारायला भीती वाटते. नसलास करत तर?'

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबवता येईना. तिने रुमालाने डोळे पुसले, हनुवटीवरची लाळ पुसली, रक्त पुसलं. 'औषधाने होतं असं,' म्हणाली, आणि गाडी सुरू केली.

मंगळवार, २३ सप्टेंबर

गाल दोन्हीकडून फुगलेत. रात्री बाबा आल्यावर सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला. बाबा टेबलावर हात आपटून हसले. 'बटाट्यांचे डोळे! निरोपाच्या जेवणात हाच लावायचा!' आई कुस्करलेले बटाटे वाढत होती. माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

डॉक्टरांची सही झाली. बिशप रविवारी दुपारी येणार. मुलाखत घेणार आणि तिथेच, आमच्याच टेबलावर, अर्ज पाठवणार. बाबांनी सूटला इस्त्री करून आणली.

तीन दिवस झाले, सांगू की नको, हेच चाललंय डोक्यात. सांगितलं तर ती मरणाची लाजेल. ती माझ्याशी बोललीच नव्हती, झोपलेल्या पोराशी बोलली होती. मी चोरून ऐकलं. नाही सांगितलं तर रविवारी मी हो म्हणणार, ती हसून केक कापणार, आणि आम्ही दोघं आपापल्या जागी आतून ओरडत बसणार. आज दोनदा तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. 'काय रे, हवंय काही?' काही नाही, म्हटलं. दही घेतलं आणि वर आलो.

आता दुखत नाही. दुखत असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

जमलं नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

आई ओट्याशी बटाटे सोलत होती. बाबा शेतावर होते. मी दारातूनच म्हटलं, 'आई, सोमवारी मी गुंगीचं औषध घेतलंच नव्हतं.'

तिचे हात थांबले नाहीत. 'ॲमनला चाकाच्या खुर्चीत बसवून मागच्या दाराने आणलं होतं. गुंगी दिलेल्या सगळ्यांनाच तसं आणतात. तू पुढचं दार स्वतः ढकलून आलास.'

मग सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्याकडे वळली.

'उद्या बिशपना कोण सांगणार? तू, की मी?'